लाँग लाइनवर कुत्रं फिरवायचं कसं आणि रस्त्यावर बोलणाऱ्या लोकांचं काय करायचं (नागपूरवाल्यांसाठी)

ज्यांचं कुत्रं हाक मारली की दरवेळी परत येतं असं छातीठोक सांगता येत नाही त्यांनी ते बाहेर मोकळं सोडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पण म्हणून रोज दीड मीटरच्या पट्ट्यावर त्याला आपल्या पायाशी चालवत न्यायचं, एका झाडाचाही वास नीट घेऊ द्यायचा नाही, हेही मला पटत नाही, आणि याच्या मधला रस्ता म्हणजे लाँग लाइन. पाच, दहा किंवा पंधरा मीटरची साधी लांब पट्टी, बस. बटण दाबून आतबाहेर होणारा जो पट्टा दुकानात मिळतो तो हा नाही, त्यात दोरी कायम थोडी ताणलेली राहते आणि कुत्रं हेच शिकतं की ओढलं की पुढं जाता येते.

आमच्या कुत्रीचं नाव चिनी, ती गावठी आहे, रस्त्यावरून घरात आलेली, फटाका वाजला की जिकडे वाट दिसेल तिकडे पळणारी. तिला मोकळं सोडणं मला शक्यच नाही. पण लाइनवर अर्धा तास मनासारखं हुंगत फिरली की घरी येऊन जी शांत झोपते ती सरळ तासभर चालवल्यावरही झोपत नाही.

सामान आधी. लाइन कधीही गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीलाच लावायची, कारण दहा मीटर धावत जाऊन कुत्रं शेवटाला आलं की जो झटका बसतो तो मानेवर बसला तर फार वाईट. हार्नेस छातीवर वाय आकाराचा घ्या, खांदे मोकळे राहतात. लाइन बायोथेनची सगळ्यात चांगली, म्हणजे आत पॉलिस्टरची पट्टी आणि वरून प्लॅस्टिकचा थर, चिखल फडक्यानं पुसला की निघतो. सुती नवारीची पट्टी स्वस्त पडते आणि हाताला मऊ लागते, पण पावसाळ्यात ओली होऊन जड होते आणि वास मारते. गोल नायलॉनची दोरी नका घेऊ, हातातून सरकली की कातडी सोलून निघते. रंग भगवा किंवा पिवळा घ्या, सायकलवाल्याला लांबून दिसला पाहिजे. शेवटाला हातात घालायचा फासा असेल तर तो कापून टाका, झुडपात आणि दगडात तोच अडकतो. आणि तीन मीटरवर एक, पाच मीटरवर एक अशी रंगीत टेप गुंडाळून ठेवा, किती लाइन बाहेर आहे ते न मोजता कळते.

आता धरायचं कसं, यातच सगळं आहे. हाताला गुंडाळायची नाही, मनगटात अडकवायची नाही, वीस किलोच्या कुत्र्याला मांजर दिसलं की बोटं मोडू शकतात. एका हातात मोठे मोठे सैल वेढे धरायचे, तो हात पोटाजवळ, आणि दुसऱ्या हातातून लाइन सोडायची-ओढायची, तो हात म्हणजे ब्रेक. ब्रेक एकदम नाही लावायचा, लाइन संपत आली की आधी "हळू" म्हणायचं आणि मूठ हळूहळू आवळायची, चारपाच दिवसात कुत्र्याला कळायला लागतं की हळू म्हटलं की पुढं दोरी संपणार आहे. सुरुवातीला बागकामाचे हातमोजे घाला. हाफ पँट नको, गुडघ्याच्या मागून लाइन सर्रकन गेली की जी जळजळ होते ती आठवडाभर राहते. लाइन ताणली तर आपण ओढायचं नाही, फक्त उभं राहायचं, त्यानं मागं वळून पाहिलं की शाबासकी आणि पुढं. आणि न बोलावता स्वतःहून आपल्याकडे पाहिलं तर त्याचं बक्षीस सगळ्यात मोठं, उकडलेलं चिकन नाहीतर पनीरचा तुकडा, कारण हीच सवय पुढं जाऊन हाकेला येण्याची सवय होते. "ये" हा शब्द मात्र घरी न्यायला किंवा रागवायला वापरू नका, नाहीतर तो शब्द वाया गेला समजा.

जागा. इथं लोक सर्वात जास्त चुकतात. आपल्या लेआउटमधला रस्ता साधारण ३० फुटांचा असतो आणि दहा मीटर म्हणजे जवळपास ३३ फूट, म्हणजे पूर्ण लाइन सोडली तर तुम्ही एका गेटपाशी आणि कुत्रं समोरच्या गेटपाशी, मधून ॲक्टिव्हा आली की संपलंच. कॉलनीच्या रस्त्यावर लाइन दोन मीटरच ठेवायची, बाकीचे वेढे हातात. सोडायची ती रिकाम्या प्लॉटवर, बेसा-हुडकेश्वरकडे अजून बांधकाम न झालेल्या लेआउटमध्ये, नाहीतर परवानगी असेल तर एखाद्या शाळेच्या मैदानावर पोरं यायच्या आधी. फुटाळ्याला संध्याकाळी नको, सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर सकाळी तर अजिबातच नको, तिथं लोक चालायला येतात आणि त्यांना पायात येणारी दोरी सहन करायचं काही कारण नाही. गोरेवाड्याच्या जंगलाच्या कडेनं पण नेऊ नका, तिकडे बिबटे आहेत.

मोकाट कुत्र्यांचं वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्याकडे ते प्रत्येक गल्लीत आहेत. लांब लाइनमध्ये तीन कुत्री गुंतली तर सोडवता सोडवता चावा बसतोच. म्हणून ती दिसली की लगेच लाइन गोळा करायची, पण खेचून नाही, आपण चालत कुत्र्याकडे जायचं आणि जाता जाता वेढे घ्यायचे, मग वळसा घेऊन दुसरीकडे निघायचं. ताणलेली लाइन असली की आपलं कुत्रं जास्त भुंकतं. फारच जवळ आली तर मूठभर बिस्किटं त्यांच्याकडे फेका आणि निघा. कोणत्या कोपऱ्यावर त्यांना कोण कधी खाऊ घालतं ते माहीत करून घ्या आणि त्या वेळेला तिथून जाऊच नका.

आता लोक. ते बोलतात, आणि आपल्या नागपुरात ओळख नसली तरी थांबून बोलतात. मला स्वतःला ऐकायला मिळालेलं सांगते, "बकरी चारून राहिली काय वं बाई?", "काहून बांधून ठेवलं बिचाऱ्याला, सोडा ना मोकळं", "एवढी लंबी दोरी, कोणाच्या पायात आली म्हणजे?", "ट्रेनिंग नाही दिली काय याला?" सगळ्यांना एकच उत्तर नाही देता येत, कारण यातले काही लोक घाबरलेले असतात, काहींचं म्हणणं बरोबर असतं आणि काही फक्त बोलायला थांबलेले असतात.

घाबरलेल्या माणसाचं म्हणणं आधी. तो कसाही बोलला, ओरडला तरी. काकू छत्री पुढं धरून उभ्या राहिल्या, पोरगं आईच्या मागं लपलं, आजोबांनी काठी उचलली, की वाद घालायचाच नाही, लाइन दीड मीटरवर, कुत्रं आपल्या पलीकडच्या बाजूला, आणि म्हणायचं "घेतलं जवळ काकू, या तुम्ही आरामात." "चावत नाही हो" हे आपण सगळेच म्हणतो आणि ते बंद केलं पाहिजे, समोरच्याला लहानपणी कुत्रं चावलं असेल, पोटात इंजेक्शनं घेतली असतील, त्याला तुमच्या कुत्र्याचा स्वभाव माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची त्याच्यावर सक्ती पण नाही. खरं तर त्यानं तोंड उघडायच्या आधीच लाइन छोटी झालेली दिसली पाहिजे, निम्मे वाद तिथंच मिटतात.

"कोणाच्या पायात आली म्हणजे" वाल्याचं म्हणणं बरोबर आहे. "बरोबर आहे भाऊ, म्हणून माणूस दिसला की गोळा करते" एवढं म्हणा आणि करून दाखवा. "सुई दिली काय?" असं विचारणाऱ्यावर चिडू नका, रेबीजच्या लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा, बहुतेक माणूस त्यानंतर कुत्र्याचं नाव विचारतो. घाणीबद्दल बोलणारा असेल तर पिशवी दिसेल अशी हार्नेसला किंवा बॅगला बांधून ठेवा, आणि उचला, रिकाम्या प्लॉटवर पण उचला.

"मोकळं सोडा" वाले प्रेमानं बोलतात पण त्यांचं ऐकायचं नाही. "पळून जाईल हो, शिकून राहिली आहे अजून" एवढं पुरे. ट्रेनिंगवरून टोमणा मारणाऱ्याला मी "तीच चालू आहे" म्हणते आणि चालत राहते. थांबून सगळं समजावून सांगायला गेलं की तिकडे कुत्र्याकडे लक्ष राहत नाही, आणि लाँग लाइन हातात असताना लक्ष जाणं हाच खरा धोका. दुसरे कुत्रेवाले "माझा फ्रेंडली आहे" म्हणत आपलं मोकळं कुत्रं घेऊन येतात, त्यांना मात्र आवाज चढवून लांबूनच सांगा, "तुमचं पकडा आधी, माझी घाबरते." इथं लाजायचं नाही.

कोणी कायद्याची भाषा केली तर दोनतीन गोष्टी माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, म्हणजे लाइन हातात असणं हे आपल्याच फायद्याचं आहे. दुसऱ्या बाजूनं, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला वाजवीपेक्षा आखूड किंवा जड साखळीनं तासनतास बांधून ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा "गेटला बांधून ठेवा" हा सल्ला देणाऱ्याला हे शांतपणे सांगता येतं. पण हे सगळं खरंच गरज पडली तरच काढा, रोजच्या रस्त्यावर कलमं सांगणाऱ्या माणसाशी कोणी नीट बोलत नाही.

नागपूरचे ऋतू पण बघून चालावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सूर्य वर यायच्या आत फिरून या, आणि संध्याकाळी डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सहन नाही झालं तर त्यालाही नाही होणार. पावसाळ्यात प्लॉटवरचं गवत कमरेएवढं वाढतं, त्यात साप असतात, तेव्हा लाइन पाच मीटरच्या वर नको आणि घरी आल्यावर कानात, बोटांच्या मध्ये गोचीड बघा. पाऊस संपला की कुसळं आणि सराटे, तेही पंजातच जातात. आणि संक्रांतीच्या आधीपासून जानेवारी संपेपर्यंत नायलॉन मांजा. बंदी आहे तरी प्रत्येक झाडावर आणि प्लॉटवर पडलेला असतो, लाइनमध्ये गुंतला तर तुमचा हात कापतो आणि कुत्र्याचा पाय कापतो, त्यामुळे त्या दिवसात प्लॉटवर लाइन सोडायच्या आधी मी स्वतः एक चक्कर मारून मांजा गोळा करते, खिशातल्या पिशवीत भरते आणि मगच चिनीला लाइनवर सोडते.

महिन्यातून एकदा हुकचा खटका आणि शिवण ओढून बघा. हुक पितळेचा किंवा स्टीलचा असू द्या, आणि खटका थोडा जरी ढिला वाटला तर लाइन दुरुस्त करत बसू नका, नवी घ्या.