डीएसएलआर घ्यावा की खिशातला कॅमेरा? आधी घरातली ट्यूबलाइट लावून बघा

मेगापिक्सेल किती आणि झूम किती एक्स, हे दोन प्रश्न दुकानात विचारायचेच नाहीत असं आधी ठरवा. कॅननच्या इक्सस १८५ या चिमुकल्या कॅमेऱ्यावर २० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं आणि निकॉनच्या डी३५०० या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर, २४. आकडे बघून वाटतं, फरक फारसा नाही. पण इक्ससच्या आतला प्रकाश झेलणारा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा आहे, तुरीच्या डाळीएवढा. डी३५०० मधला २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, लहानशा टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळात तेरा पट फरक पडतो आणि तो खोक्यावर ठळक अक्षरांत कुणी छापत नाही.

खिशातल्या कॅमेऱ्यांच्या दोन जाती आहेत, आणि त्या एकाच मापाने मोजल्यामुळेच निम्मे सल्ले चुकतात. एक ही डाळीएवढ्या सेन्सरची. दुसरी एक इंची सेन्सरची: २०१२ साली आलेला सोनीचा आरएक्स१००, कॅननचा जी७एक्स मार्क २ वगैरे. नाव एक इंची असलं तरी त्या सेन्सरची कुठलीही बाजू इंचभर नसते. माप असतं १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे डीएसएलआरच्या जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्रफळ. पहिल्या जातीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांतला बरा फोन असेल, तर निव्वळ फोटो चांगले यावेत म्हणून ती घेऊ नका. खरा ऑप्टिकल झूम हवा असेल किंवा मुलांच्या हातात बिनधास्त देता येईल असं काही हवं असेल, तर घ्या. यापुढे मी खिशातला कॅमेरा म्हणेन तेव्हा एक इंचीच समजा.

मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा पण आत आरसा नसलेला कॅमेरा, का नाही, असं विचाराल. बजेट असेल तर जरूर घ्या. पण लोक मिररलेसकडे वळल्यामुळेच त्यांचे जुने डीएसएलआर आणि लेन्स सेकंडहँड बाजारात रास्त भावात मिळतात. निकॉनने तर डी३५०० बनवणंच थांबवलं आहे. त्यामुळे पुढचं सगळं सेकंडहँड घेणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पहिली पायरी: फोनमधले फोटो चाळा

प्रिंट काढून भिंतीवर लावावेत असे वाटणारे शंभर फोटो निवडा आणि तीन ढीग करा: उघड्यावर दिवसा काढलेले, घरात किंवा कार्यालयात काढलेले, आणि लांबून काढावे लागलेले. पुढे कधीतरी काढायच्या फोटोंना या शंभरांत जागा नाही. "भिगवणला फ्लेमिंगो काढायला जाणार आहे" असं मला अनेकांनी सांगितलं. त्यातल्या मोजक्याच लोकांनी पहाटे उठून ती होडी गाठली.

तिसऱ्या ढिगात वीसहून जास्त फोटो असतील तर प्रश्न मिटला. डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स घ्या (हा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं). आरएक्स१०० चा झूम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात १०० मिलिमीटरला संपतो, आणि १०० मिलिमीटरमध्ये फ्लेमिंगो म्हणजे पाण्यावरचा गुलाबी ठिपका. जवळजवळ सगळे फोटो पहिल्या ढिगात असतील तरी प्रश्न मिटला, कारण भर उन्हात दोन्ही कॅमेरे इतके जवळ येतात की जो हलका तो घ्यावा. कासच्या पठारावर तर खिशातलाच सोयीचा. आरएक्स१०० वाइडला, म्हणजे झूम न करता, फुलाच्या ५ सेंटिमीटर जवळ जातो, डी३५०० सोबतची १८-५५ ची लेन्स २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही.

बहुतेकांचा मोठा ढीग दुसराच निघतो. तिथेच मी स्वतः अडकले होते, म्हणून पुढची पायरी सावकाश वाचा.

दुसरी पायरी: ट्यूबलाइटची परीक्षा

२०१४ साली मी पहिला डीएसएलआर घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, डीएसएलआर आहे, रात्रीचं टेन्शनच नाही." तीन आठवड्यांनी मामेबहिणीची मंगळागौर होती. रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. मी चारशेच्या आसपास फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पाठच्या पडद्यावर सगळे छान दिसत होते. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर मागची भिंत, समईची ज्योत, पाटावरची पत्री अगदी स्पष्ट, आणि फुगडी घालणाऱ्या दोघींचे चेहरे ओघळलेले. बहिणीच्या नथीचे मोती एका पांढऱ्या रेघेत मिसळले होते. मंगळागौर नव्या नवरीची असते, पाच वर्षं पुजायची असते, पण पहिल्या वर्षीची रात्र एकदाच येते. ते फोटो मी आजही तिला पूर्ण दाखवलेले नाहीत.

कॅमेरा वाईट नव्हता. दोष सोबत आलेल्या किट लेन्सचा होता, आणि ती लेन्स काय करते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१८-५५ च्या किट लेन्सवर एफ ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं हे माप आहे, आणि आकडा लहान तितका प्रकाश जास्त. १८ ला ती ३.५ पर्यंत उघडते, पण चेहरा जवळ घ्यायला ५५ ला गेलात की ५.६ च्या पुढे उघडत नाही. दोन ट्यूबलाइटच्या माझ्या हॉलमध्ये मी नंतर मोजून बघितलं. आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० ठेवून एफ ५.६ ला शटरचा वेग, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, मिळतो साधारण १/६० सेकंद. फुगडी थांबवायला किमान १/२५० हवा. त्याच खोलीत, त्याच आयएसओला, एफ १.८ च्या लेन्सने १/६०० च्या आसपास मिळतो. दहा पट प्रकाश, आणि बॉडी तीच.

आता खिशातल्या कॅमेऱ्याकडे या. आरएक्स१०० ची लेन्स वाइडला एफ १.८ आहे. सेन्सर डीएसएलआरच्या तिसऱ्या हिश्शाचा, पण लेन्स किट लेन्सच्या ३.५ पेक्षा जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. गोळाबेरीज अशी की घरात, वाइडला, किट लेन्सचा डीएसएलआर आणि आरएक्स१०० जवळपास सारखेच दाणेदार फोटो देतात. जी७एक्स मार्क २ ची लेन्स तर झूमच्या टोकालाही २.८ राहते, त्यामुळे तिथेही तो किट लेन्सला सोडत नाही. आरएक्स१०० झूमला ४.९ वर उतरतो आणि मागे पडतो. म्हणून अंधाराच्या कामाला तो घेतलात, तर झूम न करता दोन पावलं पुढे जायची सवय लावा.

माझा निर्णय यावरच ठरतो. किट लेन्सपलीकडे दुसरी लेन्स कधीच घेणार नसाल, तर घरातल्या फोटोंसाठी डीएसएलआर घेऊ नका. दुप्पट-तिप्पट वजन उचलून तेच फोटो मिळतील. एक एफ १.८ ची लेन्स घेणार असाल तर जरूर घ्या, मग खिशातला कॅमेरा त्याच्या जवळपासही येत नाही. पैसे कमी पडत असतील तर बॉडी आणखी जुनी घ्या, लेन्स सोडू नका.

लेन्स कोणती, याबद्दल एक वाईट सल्ला सगळीकडे फिरतो: "५० ची घे, स्वस्त आणि मस्त." ५० चांगलीच आहे, पण तिला जागा लागते. या सेन्सरवर ५० ने एका उभ्या माणसाला आडव्याऐवजी उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायांपर्यंत घ्यायचं तर साधारण साडेबारा फूट मागे जावं लागतं. आपल्या फ्लॅटमधली खोली असते दहा बाय बारा. तुमची पाठ कपाटाला लागते आणि समोरच्याचे पाय कापले जातात. निकॉनसाठी ३५ ची एफ १.८ घ्या, साडेआठ-नऊ फुटांत काम होतं. कॅननकडे २४ ची चपटी एफ २.८ आहे. ती १.८ च्या निम्म्याहून कमी प्रकाश घेते, पण खोलीत मावते.

निकॉनवाल्यांनो, एक इशारा. डी३५००, डी५६०० आणि त्यांच्या आधीच्या याच दोन मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. नावात 'एएफ-एस' असलेलीच लेन्स घ्या; 'एएफ-पी' नव्या बॉडींवर चालते, पण जुन्या बॉडींवर फोकस करत नाही. ५० एफ १.८ डी ही जुनी लेन्स स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात आणि हाताने फोकस करत बसतात.

दुसरा इशारा सगळ्यांना. व्हीआर, आयएस, ओएसएस ही अक्षरं तुमच्या हाताची थरथर सावरतात, समोरच्याची हालचाल नाही. देवळाचा गाभारा त्यामुळे छान येईल, फुगडी येणार नाही.

विकत घेण्याआधी एका संध्याकाळी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणा. शटरचा वेग १/२५० वर बांधा, आयएसओ ३२०० वर, आणि घरातल्या मुलाला नेहमीच्या दिव्यांत नाचू द्या. फोटो काळपट आला तर त्या लेन्सने तुमचं काम होणार नाही. पडद्यावर बघून ठरवू नका. कॉम्प्युटरवर उघडा, डोळ्याच्या पापणीपर्यंत मोठा करा आणि मग ठरवा.

फ्लॅशचंही याच पायरीत बघा. छताकडे तोंड करून मारलेला बाहेरचा फ्लॅश घरातला सगळ्यात सुंदर प्रकाश देतो, आणि इथे डीएसएलआर सरळ जिंकतो. मात्र कॅनन २०० डी मार्क २ या डीएसएलआरच्या फ्लॅशच्या खाचेत मधला पिनचा संपर्क नाही. स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटत नाहीत, कॅननला जुळणाराच घ्यावा लागतो. आरएक्स१०० चा छोटा फ्लॅश बोटाने मागे झुकवून धरला तर तोही छताकडे मारता येतो. ताकद कमी आहे, पण नेहमीच्या उंचीच्या छताखाली दोन-तीन माणसांपुरता पुरतो.

तिसरी पायरी: वजन आठवडाभर वागवा

बॅटरी आणि कार्डासकट डी३५०० ४१५ ग्रॅमचा, किट लेन्स दोनशे ग्रॅमची, ३५ ची आणखी दोनशे, वर बॅग. आरएक्स१०० सगळं धरून २४० ग्रॅम. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली आठवडाभर, लोकलमध्ये आणि रविवारच्या ट्रेकलाही, नेहमीच्या सामानावर जास्तीची म्हणून वागवा. तिसऱ्या दिवशी ती घरी ठेवाविशी वाटली तर डीएसएलआरही घरीच राहील.

चौथी पायरी: डोळा लावणार की पडदा बघणार

फोनची सवय असलेले लोक डीएसएलआरही हात लांब करून पडद्यात बघून वापरतात. डी३५०० पडद्यावर फार सावकाश फोकस करतो, पळतं मूल हमखास सुटतं. काचेतून बघून काढलात तर तोच कॅमेरा चटकन पकडतो. पडदा सोडवत नसेल तर २०० डी मार्क २ बघा, त्याचा पडद्यावरचा फोकस वेगवान आहे.

पाचवी पायरी: सेकंडहँड तपासणी

दिवसाउजेडी जा. मुंबईत असाल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात दोन-चार दुकानं फिरा. पहिल्याच दुकानात पैसे काढू नका. स्वतःचं कार्ड आणि लॅपटॉप न्या.

डीएसएलआर असेल तर एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, भावात धरा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच शटर किती वेळा उडालं तो आकडा असतो. एंट्री-लेव्हल बॉडीचं शटर साधारण एक लाखासाठी बनवलेलं असतं, सत्तर हजारांच्या पुढचं मी घेत नाही.

खिशातल्या कॅमेऱ्यात धुळीची गोष्ट उलटी आहे. लेन्स निघत नाही, म्हणून आत गेलेली धूळ काढायला तो पूर्ण उघडावा लागतो आणि तो खर्च परवडत नाही. तीच एफ १६ ची परीक्षा इथे जमत नाही, कारण लेन्सचं तोंड एफ ११ च्या पुढे लहान होत नाही. झूम करून, ११ वर, आकाशाचा फोटो काढा. ठिपका दिसला तर परत द्या. मग दहा वेळा चालू-बंद करा आणि झूमचा आवाज कानाजवळ ऐका. कुठेही करकर आली किंवा लेन्स अडखळली तर घेऊ नका.

शेवटी लेन्समधून टॉर्च मारून तिरकं बघा. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. विकणारा म्हणेल, "फोटोत येत नाही." आज येत नाही, पुढच्या पावसाळ्यानंतर येईल. ती लेन्स तिथेच ठेवा. आणि जी आणाल ती चामड्याच्या बॅगेत किंवा कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा त्या बदला.