इलेक्ट्रॉन कोण देतं, कोण घेतं? मोरचूद आणि खिळ्यावर करून पाहा

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (मोरचूद, चुना आणि पाणी यांचं बुरशीनाशक) फवारण्याआधी त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, पानं करपतील, असं ओळखायचं. हा थर म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणच आहे आणि ती घरीही बघता येते.

कृषी सेवा केंद्रातून मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, थोडे खडे आणा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर विरघळवा. मोरचूद विषारी आहे: हातमोजे घाला, पेला-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, मुलांना एकटं सोडू नका. जस्ताचा मुलामा नसलेला साधा खिळा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि द्रावणात सोडा. थोड्याच वेळात तो तांबूस होतो. रात्रभर ठेवलात तर निळा रंग फिकट होऊन हिरवट छटा येते.

घडलं काय? लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयनरूपात, म्हणजे प्रभारित कण होऊन, द्रावणात उतरला. मोरचुदातल्या तांब्याने दोन इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले होते. ते मिळताच तांबं धातुरूपात खिळ्यावर बसलं. देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. उलट करून बघा: हिराकशीच्या (फेरस सल्फेट, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या) द्रावणात तांब्याची तार सोडली तर तांबं चढण्यासारखं काही घडत नाही. इलेक्ट्रॉन देण्यात लोखंड तांब्यापेक्षा पुढे आहे.

अधातूंसाठी कागद घ्या आणि संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते, आतून बाहेर लिहा. सोडिअम 2, 8, 1. क्लोरीन 2, 8, 7. दोघांनाही तीनच कवचं, पण सोडिअमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन आणि क्लोरीनच्या 17. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे, आणि नुसतं अष्टक (बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करण्याचा नियम) पाठ करताना नेमकी हीच निसटते. केंद्रकाची ओढ कमी, म्हणून सोडिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. क्लोरीनची ओढ जबर, म्हणून तो बाहेरचा एक खेचून घेतो. दोघांचं मिळून मीठ होतं. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीजन्य रोगावर वापरतात ते गंधक 2, 8, 6, म्हणजे त्याला दोन हवेत.

म्हणून बाह्यतम कवचात 1, 2 किंवा 3 असतील तर बहुधा देणारा धातू. 5, 6 किंवा 7 असतील तर बहुधा घेणारा अधातू. हायड्रोजन एकच इलेक्ट्रॉन असूनही अधातू आहे. कार्बनकडे चार, तो सहसा देत नाही, घेतही नाही, वाटून वापरतो.

आता मॅग्नेशिअम 2, 8, 2 आणि ऑक्सिजन 2, 6 शेजारी लिहा आणि बाण कुठून कुठे जाईल ते स्वतः काढा.