पावसाळी हवा ‘जड’ नसते: तोफेच्या पल्ल्याचं गणित करताना या चुका टाळा

सैनिकांचं गाव असलेलं अपशिंगे मिलिटरीच काय, सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर तोफखान्यातला एखादा निवृत्त हवालदार भेटतोच. भरतीची तयारी करणारी पोरं त्याला हमखास विचारतात, “काका, पावसाळ्यात हवा जड होते, मग गोळा अलीकडे पडत असेल ना?”

उलट आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी. पाण्याच्या रेणूचा भार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९, आणि वाफ शिरते ती या जड रेणूंची जागा घेऊन. अंग चिकचिकतं म्हणून हवा जड वाटते, एवढंच. शिवाय फरकही किरकोळ: ३० अंशांना हवा वाफेने पूर्ण भरली तरी घनता जेमतेम दीड टक्का घटते. पोरं यावर वाद घालत बसतात आणि मोठी चूक तशीच राहते.

ती वायुदाबाची. मोबाइलवर साताऱ्याचा दाब समजा १००८ हेक्टोपास्कल दिसला. हा आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. शहर सुमारे ७०० मीटरवर, म्हणजे प्रत्यक्ष दाब ९३० च्या आसपास. घनता काढायला पास्कलमधल्या दाबाला २८७ (कोरड्या हवेचा वायू स्थिरांक) आणि केल्विनमधलं तापमान यांच्या गुणाकाराने भागा. ३० अंशांना १००८ धरून घनता येते १.१६, ९३० धरून १.०७ किलो प्रति घनमीटर. आठ टक्के तफावत! दाट हवा गोळ्याला जास्त अडवते, म्हणून हवा आहे त्यापेक्षा दाट समजून हिशेब केला की गोळा लक्ष्याच्या पलीकडे. महाबळेश्वरला, सुमारे १३७० मीटरवर, घोळ आणखी मोठा. १९९९ मध्ये कारगिलच्या विरळ हवेत बोफोर्सचे गोळे मैदानापेक्षा लांब जात होते, ते याचमुळे. काही हुशार मंडळी प्रत्यक्ष दाब घेतात आणि वर उंचीचीही सुधारणा जोडतात. म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली.

फक्त जमिनीवरची हवा मोजूनही भागत नाही. थंडीत सकाळी वाईच्या खोऱ्यात धुकं साचतं, तेव्हा खाली गारठा आणि वर पाचगणीच्या अंगाला हवा उबदार असू शकते. लांब पल्ल्याचा गोळा तर काही किलोमीटर वर चढतो. म्हणून तोफखाना बलून सोडून थराथराचं तापमान, दाब आणि वारा टिपतो. सकाळचा अहवाल दुपारी वापरू नये, उन्हं चढली की थर बदलतात.

आणि चार्जचं, म्हणजे गोळा ढकलणाऱ्या दारूचं, तापमान हवेएवढं धरू नका. रात्रभर गारठ्यात पडलेला चार्ज दुपारी लगेच तापत नाही. थंड दारू सावकाश जळते, गोळा नळीतून कमी वेगाने सुटतो आणि अलीकडे पडतो. ही सुधारणा घनतेच्या रकान्यात घुसडायची नाही, ती वेगळी करायची.