गोदोसाठी पडद्यामागची माणसं जमवताना

बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ करायचं ठरलं की मंडळात पहिलं भांडण होतं ते कधीच न येणाऱ्या गोदोची वाट बघत बसलेल्या दोघांपैकी व्लादिमीर कोण आणि एस्ट्रागॉन कोण यावर. ते आज ना उद्या ठरतं. मी कुडाळकडची, आमच्या हौशी मंडळाचं विंगेतलं काम बघते. माझ्या मते या नाटकाला आधी प्रॉम्प्टर शोधावा, मग प्रॉपर्टीवाला, म्हणजे स्टेजवरचं सामान सांभाळणारा, मग लाइटवाला, आणि नट त्यानंतर. एरवी सोफा, भिंती, पार्श्वसंगीत यांच्या आड बऱ्याच भानगडी खपून जातात. इथे एक रस्ता, एक झाड आणि पाच पात्रं. विंगेत कोणी चप्पल ओढत चाललं तरी मागच्या रांगेतला माणूस वळून बघतो.

कागदपत्रं मात्र सगळ्याच्या आधी. बेकेट १९८९ साली गेला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा २०४९ संपेपर्यंत परवानगी लागणारच. अनुवादकाची वेगळी घ्यायची, आणि संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलंच. हे काम तरुण पोरांना देऊ नका, ती दुसऱ्या पत्रानंतर कंटाळतात. आमच्याकडे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. उत्तर आलं नाही तरी त्यांचा रक्तदाब वाढत नाही. असा माणूस बघा. आणि ‘आपण थोडं बदलून करू’ म्हणणाऱ्याला त्यांच्या शेजारी बसवू नका. पुरुषांच्या भूमिका बायकांना दिल्या म्हणून बेकेटने १९८८ साली हॉलंडमध्ये कोर्टकज्जा केला होता. तो हरला, ही गोष्ट वेगळी.

हॉलची कमिटी विचारणार, “गे बाय, ह्या नाटकात घडता काय?” त्यांना सॅन क्वेंटिनची हकीकत सांगायची. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या त्या तुरुंगात हे नाटक झालं. सुमारे चौदाशे कैदी बघायला होते, आणि ज्यांनी उभ्या जन्मात नाटक पाहिलं नव्हतं त्यांनाही ते भिडलं. वाट बघणं कशाला म्हणतात हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. आपल्याकडे मुंबईच्या चाकरमान्याची वाट बघण्यात पिढ्या गेल्या, आपल्यालाही नाही. कमिटीला एवढं पुरतं. नाही पुरलं तर भाडं आगाऊ द्या.

आता प्रॉम्प्टर. या नाटकात तीच वाक्यं फिरून फिरून येतात. निघू या, निघता येत नाही, का, तर गोदोची वाट बघतोय. नट चुकून पुढच्या फेऱ्यातल्या वाक्यावर उडी मारतो आणि समोरचा त्याला धरूनच पुढे जातो. पानंच्या पानं गळतात, प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. म्हणून संहितेत प्रत्येक फेऱ्याला वेगळ्या रंगाची खूण करायची आणि फेऱ्यानंतरचं पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायचं. पण खरी परीक्षा शांततेची. बेकेटने जागोजागी थांबायला सांगितलंय. अनेक वर्षं सामाजिक नाटकांना प्रॉम्प्टिंग केलेल्या माणसाला शांतता म्हणजे ‘विसरला’ असंच वाटतं आणि तो लगेच वाक्य फेकतो. गप्प बसायची ताकद असलेलं माणूस हवं. आमची प्रॉम्प्टर बालवाडीत शिकवते. गप्प बसणं तिला कसं जमतं, देव जाणे.

दशावतारातला नट मिळाला तर पोझोसाठी, म्हणजे रस्त्याने येणाऱ्या रुबाबदार मालकाच्या भूमिकेसाठी, जरूर घ्या. तसा आवाज आणि तशी चाल शहरातल्या शिबिरांत मिळत नाही. नुसत्या बाकड्यावर राजदरबार उभा करणारी ही माणसं, रिकाम्या स्टेजला घाबरत नाहीत. अडचण एकच, तिथे संवाद लिहिलेले नसतात, सगळं आयत्या वेळी सुचतं. टाळी आली की आमचा पोझो दोन वाक्यं पदरची घालायचा. त्याला ओरडून उपयोग नाही. प्रॉम्प्टरला त्याच्या समोरच्या विंगेत बसवा, तिच्या हातातली वही दिसली की तो आवरतं घेतो. आणि तारखा जत्रांच्या आधी विचारा. कार्तिकापासून तो तुमचा नाही.

प्रॉपर्टीवाला हा या नाटकाचा दुसरा दिग्दर्शक. पोझो आपल्या नोकराच्या, लकीच्या, गळ्यात दोर बांधून आणतो. पहिल्या अंकात तो इतका लांब हवा, की लकी स्टेजच्या मध्यावर पोचेपर्यंत पोझो दिसता कामा नये. दुसऱ्या अंकात दोर बराच आखूड. नायलॉन चमकतो आणि कापतो, सुंभ मान सोलतो. सुती दोर चहाच्या पाण्यात बुडवून मळवा, गळ्याच्या भागाला आतून मऊ कापड शिवा. गळ्यातली गाठ मात्र मच्छीमारी करणाऱ्या माणसाकडूनच मारून घ्या, न सरकणारी. ओढल्यावर आवळणारी गाठ कोणी ‘तात्पुरती’ मारली तर त्या दिवशी तालीम बंद.

शेवटी एस्ट्रागॉन विजारीची नाडी सोडतो, दोघं ती ओढून बघतात आणि ती तुटते. तुटलीच पाहिजे, आणि त्याआधी तुटता कामा नये. आम्ही पहिल्या अंकात धड नाडी घालतो. मध्यंतरात ती काढून दुसरी, मधोमध कापून दोन कच्चे टाके घातलेली. विजार तोलून धरायला आत एक टिचबटण, नाडी काढताना नट ते हळूच उघडतो. विजार ढगळ हवी, घोट्यापर्यंत सरळ खाली आली पाहिजे. प्रत्येक प्रयोगाला नवी नाडी, आणि एक जादा.

मध्यंतरात आणखी कामं असतात. झाडाला चार-पाच पानं फुटलेली दिसायला हवीत. खरं पान दिव्याखाली मान टाकतं, म्हणून मांजरपाट रंगवून, तारेवर चिकटवून करा आणि मागच्या रांगेत जाऊन दिसतं का बघा. झाड काजूच्या वाळक्या फांदीचं, बुंधा सिमेंट भरलेल्या तेलाच्या डब्यात. एस्ट्रागॉनचे पहिल्या अंकातले बूट उचलून तिथेच दुसऱ्या रंगाचे, सैल बूट ठेवायचे. लकीची टोपी होती तिथेच राहू द्यायची. नेमकी तीच कोणीतरी झाडू मारताना उचलून ठेवतं, तेव्हा मध्यंतरात झाडू बंद.

पोझो कोंबडी खाऊन हाडं टाकतो. नटाच्या गळ्यात माळ आहे का, प्रयोगाच्या दिवशी संकष्टी आहे का, हे वाचनाच्या दिवशीच विचारा. एस्ट्रागॉनला खायला गाजर लागतं, आणि गाजरं घाटावरून येतात. गाडी चुकली तर बाजारात नसतात, म्हणून दोन दिवस आधी घेऊन ओल्या फडक्यात ठेवा.

लाइटवाल्याला एकच अवघड जागा आहे. उजेड एकदम जातो आणि चंद्र वर येतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर जनरेटरच्या घरघरीत त्या क्षणाचं मातेरं होतं. चंद्र बॅटरीवरच्या एलइडीचा करा, मासेमारीच्या तंगुसाने कप्पीवरून ओढा. कप्पीला आदल्या दिवशी तेल द्या, खाऱ्या हवेत ती किरकिरते.

गोदोचा निरोप घेऊन येणाऱ्या मुलाचं काम दोन्ही अंकांच्या शेवटी आहे. तोवर त्याला जागं आणि गप्प ठेवायला त्याची आजी आणा, आई नको. आई प्रेक्षकांत बसायला जाते.

प्रयोग संपला की यादी वाचून सामान पेटीत भरा. दोर उन्हात वाळवूनच गुंडाळा आणि बुटांत वर्तमानपत्र कोंबा, पावसाळ्यात बुरशी धरते.