दुबईत न जाता पहिला फ्लॅट कसा घ्यायचा, इथे बसून काय काय तपासायचं

दुबईत फ्लॅट घ्यायचाय पण जाऊन बघणं जमणार नाही, असं म्हणणारे गेल्या दोन वर्षांत ओळखीतलेच पाच-सहा जण भेटले, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, एरिया कुठला चांगला? माझं ऐका, एरिया नंतर. न बघता घ्यायचा असेल तर आधी दोन गोष्टी पक्क्या करा, पैसा इथून कायदेशीर कसा जाणार आणि तिकडे तो नक्की कुणाच्या खात्यात पडणार. आम्ही ठाण्यात बसून जुमेरा व्हिलेज सर्कलमध्ये, तिकडे सगळे जेव्हीसीच म्हणतात, वन बीएचके घेतला, त्यात जे शिकलो ते क्रमाने सांगते.

पहिलं, बजेट. आणि ते फ्लॅटच्या किमतीचं नाही, एकूण खर्चाचं

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे साधारण ९ लाख १८ हजार दिरहम झाले. आता लोक काय करतात, ९ लाख दिरहमचा फ्लॅट बघून मोकळे होतात. पण वर दुबई लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी आहे, एजंटचं साधारण २ टक्के कमिशन आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, ट्रस्टी ऑफिसचे, म्हणजे जिथे फ्लॅट नावावर होतो त्या अधिकृत नोंदणी कार्यालयाचे, ४,२०० दिरहम, टायटल डीडचे, म्हणजे मालकीच्या दाखल्याचे, काहीशे, सगळं धरून साठेक हजार दिरहम होतात आणि तेही याच मर्यादेतून जाणार. एकट्याच्या नावावर एकाच वर्षात घ्यायचा असेल तर साडेआठ लाख दिरहमच्या वर बघूच नका. नवरा-बायको दोघांची मर्यादा वेगवेगळी असते, पण मग दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवायचं आणि डीडवर दोघांची नावं लावायची.

आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते तो कर! हा आकडा ऐकून आमच्या घरात दोन दिवस शांतता होती. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जेवढं पाठवाल त्यावर बँक २० टक्के कापून घेते, म्हणजे २ कोटी पाठवले तर १ कोटी ९० लाखांवर ३८ लाख. हा जादा टॅक्स नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा रिफंड मिळतो, नोकरी असेल तर ऑफिसला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये धरून घेता येतो. पण तोपर्यंत एवढी रक्कम हातात लागते ना, ती आधीच बाजूला काढा.

क्रेडिट कार्ड अजिबात स्वाइप करू नका

मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवार दुबई प्रॉपर्टीचे एक्स्पो लागतात, चहा-नाश्ता, मॉडेल, आणि मग आजच बुकिंग करा, कार्डावर चालेल. आमच्या एका नातेवाइकाने असंच टोकन भरलं आणि नंतर सीएकडे धावला. परदेशातलं घर घेणं हा फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली भांडवली व्यवहार आहे, त्याचे पैसे बँकेतून ए२ फॉर्म भरून, प्रॉपर्टी खरेदीचाच पर्पज कोड टाकून गेले पाहिजेत. हवाला किंवा दुबईतला मित्र भरतो, तुम्ही त्याच्या आईला इथे द्या, हे तर नकोच नको.

तयार फ्लॅट की बांधकाम चालू असलेला

न बघता पहिलाच घेत असाल तर तयार घ्या, शक्यतो भाडेकरू असलेला. बांधकाम चालू असलेल्याचे हप्ते सोपे वाटतात, पण २००८-०९ च्या मंदीत तिकडे कितीतरी प्रोजेक्ट अडकले होते, आणि दुसरं म्हणजे हप्ते तीन-चार वर्षं जाणार आणि मधे आपलेच नियम बदलले तर? ऑगस्ट २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने मर्यादा दोन लाख डॉलरवरून ७५ हजारावर आणली होती आणि या योजनेतून परदेशात घर घेणंच बंद केलं होतं, ते २०१४ मध्ये परत सुरू झालं. शिवाय ताबा मिळाल्यावरही हप्ते चालू राहणार असतील तर ते कर्ज धरलं जाऊ शकतं, त्यामुळे सही करण्याआधी फेमा कळणाऱ्या सीएला प्लॅन दाखवा. तरीही घ्यायचाच असेल तर पैसे फक्त त्या प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच बांधकामासाठी राखलेल्या खात्यात, २००७ च्या कायद्याने ते खातं सक्तीचं आहे, आणि नोंदणी झाल्याचं ओकूद सर्टिफिकेट आपल्या नावाचं मागून घ्या.

आता कागद बघा, व्हिडिओ नंतर

एजंटकडे रेराचा, म्हणजे तिकडच्या प्रॉपर्टी नियामकाचा, ब्रोकर नंबर असतो, जाहिरातीवर परमिट नंबर आणि क्यूआर कोड असतो, दुबई रेस्ट नावाचं सरकारी अॅप आहे त्यात दोन्ही बघता येतात. टायटल डीडची कॉपी मागा आणि लँड डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर नंबर टाकून खरी आहे का बघा. मालकाचं नाव पासपोर्टशी जुळतंय का, बँकेचं कर्ज आहे का, सर्व्हिस चार्ज थकलाय का, हेही विचारा. सर्व्हिस चार्ज चौरस फुटामागे वर्षाला असतो, ७०० फुटांना १६ दिरहमने ११,२०० झाले, ते भाड्यातून वजा केल्याशिवाय परतावा काढूच नका. आणि कूलिंगचं बिल कोण भरतं ते विचारा, चिलर फ्री, म्हणजे भाडेकरूला ते बिल नसेल, तर भाडेकरू पटकन मिळतो.

भाडेकरू असेल तर एजारीची प्रत घ्या, म्हणजे नोंदवलेला भाडेकरार, तोंडी भाड्यावर जाऊ नका. त्याच्याकडून फ्लॅट स्वतःसाठी किंवा विकण्यासाठी खाली करून घ्यायचा तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस लागते, हे माहीत असू द्या.

डोळे भाड्याने घ्या

एजंटचा व्हिडिओ हा एजंटचा व्हिडिओ असतो, खिडकीबाहेर कॅमेरा जातच नाही. आमचा शारजातला मावसभाऊ रात्री नऊला बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिला, तेव्हा कळलं की समोरच्या प्लॉटवर पायलिंग, म्हणजे नव्या इमारतीच्या पायाचं काम, चालू आहे, त्यावरून आम्ही किंमत कमी करून घेतली. नातेवाईक नसेल तर तिकडे स्नॅगिंग करणारे लोक पैसे घेऊन फ्लॅट तपासतात, नळ, एसी, गळती, फोटोसकट रिपोर्ट देतात. हा खर्च वाचवू नका.

सही आणि पैसे

तयार फ्लॅटला विकणाऱ्याशी फॉर्म एफ, म्हणजे खरेदी-विक्रीचा करार, होतो, बिल्डरचं एनओसी येतं, मग ट्रस्टी ऑफिसात ट्रान्सफर. तुम्ही नसाल तर पॉवर ऑफ अॅटर्नी लागते, इथे नोटरी, मग राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात, आणि तिकडे गेल्यावर परत शिक्का आणि अरबी भाषांतर, त्यामुळे आठवडे हाताशी ठेवा. मसुद्यात त्या एकाच फ्लॅटचा नंबर लिहा, फक्त खरेदीचे अधिकार द्या, विकण्याचे नाही, आणि विकणाऱ्याच्या एजंटला तर पॉवर अजिबात देऊ नका. पैसे स्वतःच्या तिकडच्या खात्यात किंवा कन्व्हेयन्सिंग फर्मच्या, म्हणजे मालकी बदलाचं काम बघणाऱ्या फर्मच्या, क्लायंट खात्यात. कुणाच्याही पर्सनल खात्यात नाही, खातं ऐनवेळी बदललंय असा मेल आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करा.

नंतरचं

इथल्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरायचं, ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे असतं, भाडं आलं नाही तरी फ्लॅट दाखवायचाच, नाहीतर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंड होऊ शकतो. तिकडे भाड्यावर टॅक्स नसला तरी तुम्ही इथले रहिवासी म्हणून इथे दाखवावंच लागतं. आणि मृत्युपत्र. संयुक्त नाव आहे म्हणजे दुसऱ्याला आपोआप मिळेल असं समजू नका, मुस्लिम नसलेल्यांना डीआयएफसी या दुबईतल्या आर्थिक केंद्राच्या कोर्टात इंग्रजीत विल नोंदवता येतं. आम्ही ते ट्रान्सफरनंतर चार महिन्यांनी केलं, आधीच करायला हवं होतं, आणि फाईल कुठल्या कपाटात आहे ते मुलीला दाखवून ठेवलंय.