स्क्रू फिरवण्याआधी: जुना सीबी बेस सेट आणि त्याचा माइक

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाने जवळपासच्या गप्पांसाठी वापरायचा रेडिओ. त्याचे घरी टेबलावर ठेवायचे जुने बेस सेट वयाने कमी आणि लोकांच्या हातांनी जास्त बिघडतात. आमच्या ओहायोत गराज सेलला किंवा झेनियाला भरणाऱ्या हॅमव्हेन्शन या हौशी रेडिओवाल्यांच्या मेळ्यातल्या फ्ली मार्केटात सेट मिळतो आणि झाकण काढलं की दिसतं: पॉवर वाढवायच्या नादात कुणीतरी कॉइलमधले गाभे पिळलेत, आवाज मर्यादेत ठेवणाऱ्या मॉड्युलेशन लिमिटरचा ट्रान्झिस्टर कापून टाकलाय, नाहीतर जादा चॅनेलसाठी मागे भोक पाडून बटण बसवलंय. म्हणून माझ्या लेखी दुरुस्ती म्हणजे सेट कारखान्यातून निघाला तसा परत करणं.

सध्या टेबलावर कोब्रा १३९ एक्सएलआर आहे. एएम आणि साइडबँड (आवाज पाठवायच्या दोन पद्धती), ४० चॅनेल, म्हणजे १९७७ किंवा त्यानंतरचा. १ जानेवारी १९७७ च्या आधी अमेरिकेत सीबीला २३ चॅनेलच होते. तुमचा सेट दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

प्लग लावायची घाई करू नका. झाकण काढा, चारही बाजूंनी फोटो घ्या, आणि सर्किटचा नकाशा मिळवा. सॅम्स फोटोफॅक्ट या दुरुस्तीच्या पुस्तिकांच्या सीबी मालिकेत बहुतेक सेटांचे नकाशे आहेत. नकाशात नसलेली प्रत्येक वायर संशयित. नवं सोल्डर चकचकीत असतं, कारखान्याचं मळकं झालेलं असतं. भिंग घेऊन बसलं की कुठे हात लागलाय ते लगेच कळतं. ती कामं आधी उलटवा. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज असेल तर योग्य फ्यूज घाला. बऱ्याच सेटांत मेन्सचा स्विच व्हॉल्यूमच्या बटणावरच असतो, म्हणजे १२० व्होल्ट पुढच्या पट्टीपर्यंत आलेले असतात. तिथे उघडी टोकं असतील तर झाकून घ्या.

पहिल्यांदा वीज देताना सेटबरोबर ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, आपल्याकडचे वायरमन सिरीज बोर्ड वापरतात तसा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब काढल्यावर आतल्या पॉवर सप्लायचे व्होल्ट मोजा. १३.८ च्या आसपास हवेत. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असेल तर पुढच्या सर्किटवर बरेच जास्त व्होल्ट जातात, म्हणून हा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेट भारतात नेऊन २३० व्होल्टवर चालवायचा तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. ट्रान्समिट करायच्या आधी तिथले वायरलेसचे नियमही वाचा.

स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येत असेल तर बहुधा फिल्टरचा मोठा कपॅसिटर संपलाय. मी सगळेच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलतो, पण एका वेळी एकच: जुना काढायचा, तेवढ्याच मायक्रोफॅराडचा आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा नवा लावायचा, पट्टीची बाजू निगेटिव्हला. सिरॅमिकच्या चकत्यांना हात लावू नका, त्या क्वचितच बिघडतात. खरखरणाऱ्या बटणांत आणि चॅनेल सिलेक्टरमध्ये प्लग काढून काँटॅक्ट क्लीनर मारा. पुढची पट्टी साबणाच्या कोमट पाण्याने, ओलसर फडक्याने पुसा. स्पिरिटने अक्षरं निघून जातात.

ट्रान्समिटर तपासताना अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर हवेत न सोडता पिऊन टाकणारा रेझिस्टर) लावा. एएमवर ४ वॉट आणि साइडबँडवर १२ वॉट पीईपी (आवाजाच्या शिखरावरची पॉवर) ही कायद्याची मर्यादा आहे. मीटर साडेतीन दाखवत असेल तर खुशाल सोडून द्या. समोरच्याला कानाने फरक कळणार नाही. चॅनेल १९ वर फ्रीक्वेन्सी काउंटरने २७.१८५ मेगाहर्ट्झ दाखवायला हवं. गाभा फिरवावाच लागला तर आधी खूण करा आणि प्लास्टिकचंच हत्यार घ्या. गाभ्याचं फेराइट ठिसूळ असतं, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने तडकतं आणि मग कॉइलच जाते.

आता माइक, माझा खरा जीव यातच अडकलेला. अ‍ॅस्टॅटिक डी-१०४, स्टँडवरचं गोल चकचकीत डोकं, १९३० च्या दशकात ओहायोत बनू लागलेला, पुढे लेक ईरीकाठच्या कॉनिऑटमध्ये बनत राहिलेला आणि आता बंद झालेला. डोक्यात रोशेल सॉल्टचा क्रिस्टल असतो. तो ओलाव्याने विरघळतो, अति कोरड्या हवेत पाणी गमावतो आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचा मरतो. म्हणून डोक्यावर हीट गन नाही, उन्हातल्या बंद गाडीत माइक ठेवणं नाही, आत पाणी नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. बाहेरचा क्रोम मऊ फडक्याने घासला की पुरे.

क्रिस्टल जिवंत आहे का हे पाहायला डोकं सुटं करून गिटारच्या अँप्लिफायरला जोडा. त्याचं इनपुट जेमतेम दहा लाख ओहमचं असलं तरी चालतं. आवाज भरदार, टोकदार आला तर नशीबवान आहात. चिरका, दूरचा आला तर क्रिस्टल गेला. बदली कार्ट्रिज शोधा. हाच क्रिस्टल ट्रान्झिस्टर सेटच्या कमी इम्पीडन्सच्या, म्हणजे कमी ओहमच्या, इनपुटला सरळ जोडला तर आवाजातला खर्ज नाहीसा होतो. म्हणूनच स्टँडच्या बुडात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर असलेले नमुने आले. बूड उघडा, फुटलेल्या बॅटरीचा पांढरा थर व्हिनेगरच्या बोळ्याने काढा आणि पत्र्या कोरड्या करा.

पिन जोडताना अंदाज नको, नकाशा पाहा. अनेक सेटांत रिसीव्हरचा आवाज माइकच्या स्विचमधूनच जातो, त्यामुळे माइक काढला की सेट मुका होतो. असे कितीतरी धडधाकट सेट 'बंद' म्हणून मातीमोल विकले जातात.

शेवटी बुडातला गेन (आवाज वाढवायचं बटण) अगदी कमीवर ठेवा आणि शेजारच्या चॅनेलवर दुसरा रेडिओ लावून, बोलत बोलत तो हळूहळू वाढवा. तिथे तुमचा आवाज फाटून येऊ लागला की थोडं मागे या. माइक महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा.