एनसीसीची फायरिंग स्पर्धा घेताय? या चुका टाळा

पाच राउंड (काडतुसं), 25 यार्डांचं अंतर, लेटून फायर. एनसीसीच्या वार्षिक शिबिरातली .22 रायफलची स्पर्धा बघायला इतकी सोपी असते. तरीही निकाल लागला की दोन कॉलेजांत जुंपते, आणि मूळ शोधलं तर बहुतेक वेळा ते सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सापडतं. ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या ते) मोजणार की गुण? ट्रायल राउंड आहेत का? वेळ किती? राउंड फुटला नाही तर बदली मिळणार का? ही उत्तरं कागदावर लिहा आणि पहिली डिटेल (एकावेळी फायर करणारी तुकडी) फायरिंग पॉइंटवर जाण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. पहिली गोळी सुटली की नियम बदलायचा नाही, सांगणारा कितीही वरिष्ठ असो.

यातला ग्रुपिंगचा मुद्दा फार महत्त्वाचा. शिबिरातली रायफल कॅडेटची स्वतःची नसते. ती नीट झिरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली, नसेल तर उत्तम पकड असलेल्या मुलीच्या पाचही गोळ्या डावीकडे खाली, एकमेकींना चिकटून बसतात. गुण मोजले तर ती तळाला, ग्रुपिंग मोजलं तर पहिली. उसन्या रायफलींवर स्पर्धा असेल तर ग्रुपिंगच मोजा, असं माझं ठाम मत आहे.

हुकूम देणारे दोन आवाज

ही सर्वांत घातक चूक. "भर", "फायर", "खाली कर" हे शब्द फायरिंग पॉइंटवर एकाच माणसाच्या तोंडून आले पाहिजेत. मागून कुणी आपल्या कॉलेजच्या मुलाला "मार रे, वेळ चाललाय" असं सांगत असेल तर त्याला तिथून बाजूला करा.

अपवाद एकच: "रुक जा". बटसमोर (टार्गेटमागच्या मातीच्या बांधासमोर) कुत्रं आलं, कुणाची नळी वळली, काहीही विपरीत दिसलं तर हा शब्द ओरडण्याचा हक्क तिथल्या प्रत्येकाला आहे, अगदी पहिल्या वर्षाच्या कॅडेटलाही. हे ब्रीफिंगमध्ये दोनदा सांगा. नवखी मुलं मोठ्यांसमोर ओरडायला बिचकतात.

फायर संपल्यावर टार्गेट आणायला निघण्याची घाई तर सगळीकडे दिसते. पाच राउंड दिले होते म्हणून पाचही सुटले, असं धरून चालू नका. एखादा चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी राउंड बसतो तिथेच, राहिलेला असू शकतो. प्रत्येक रायफलचा बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहिलेलं, मगच माणसं पुढे. ती परत येईपर्यंत रायफलला कुणी हात लावायचा नाही. ".22 काय, छोटीच आहे" हे बोलणंही रेंजवर नको. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण नळी वर उचललेली असताना सुटली तर दीड किलोमीटरही जाऊ शकते.

राउंड फुटला नाही तर

घोडा दाबला आणि नुसतं "टक्" झालं की कॅडेटचा हात आपोआप बोल्टकडे जातो. तो थांबवायला शिकवा. राउंड उशिरानेही फुटू शकतो. नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, हात वर करायचा, पुढचं इन्स्ट्रक्टर बघेल.

याहून फसवी गोष्ट म्हणजे फुसका आवाज येणं आणि टार्गेटवर भोक नसणं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फुटते. रायफल बाजूला काढा. कॅडेटला दुसरी रायफल आणि गेलेला वेळ भरून द्या.

सहा भोकं, चार भोकं

टार्गेटवर सहा भोकं म्हणजे शेजाऱ्याने चुकून इथे मारलंय. आंतरराष्ट्रीय नियमांत असा क्रॉस फायर मारणाऱ्याच्या खात्यात तो शॉट शून्य धरतात, आणि कुणाची गोळी कुठली हे ठरत नसेल तर ज्याच्या टार्गेटवर ती आली त्याला चांगल्या शॉटचा फायदा देतात. शिबिरातही हाच न्याय लावा.

चार भोकं दिसली तर लगेच "एक बाहेर गेली" म्हणू नका. टार्गेट उजेडात धरा. गोळी कागदातून जाताना भोकाच्या कडेला करडी रेघ सोडते. दोन गोळ्या जवळपास एकाच जागी गेल्या असतील तर ती रेघ एका बाजूला फुगलेली दिसते. टार्गेटमागे कोरा पुठ्ठा लावला असेल तर तोही तपासा. ग्रुप मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. कडेपासून मोजणारा एक आणि मध्यापासून मोजणारा दुसरा, असं झालं की निकालच बिघडला. आणि सह्या होईपर्यंत भोकात कुणी बोट घालायचं नाही.

यातली काही मुलं पुढे नेमबाजीच्या अखिल भारतीय मावळणकर स्पर्धेपर्यंत जातील. ज्यांच्या नावाने ती भरते ते गणेश वासुदेव मावळणकर लोकसभेचे पहिले सभापती, राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्ष, आणि घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे नियम कडक असतात, त्यामुळे सवय शिबिरातच लागू द्या.

शेवटी हिशेब: दिलेले राउंड, रिकाम्या पुंगळ्या आणि न फुटलेले राउंड यांची बेरीज जुळल्याशिवाय कुणालाही रेंज सोडू देऊ नका, आठवण म्हणून पुंगळी खिशात टाकणारा हमखास असतो. गोळी शिशाची असते, तेव्हा नाश्त्याआधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा.